नवकारशीला अकरा मिनिटं बाकी

‘वेळ तुझ्या सोयीनं ठरवू’ असं वाशीममधल्या सात जणांनी सुकेशनीला सांगितलं आणि सातही जण खोटं बोलले. नाटक कंपनीत माझी चाळीस वर्षं गेली, तीही बहुतेक खलनायकाच्या कामात. खोटं वाक्य कुठल्या पट्टीत म्हणतात ते मला कोणी शिकवायला नको. हे सातही जण फार गोड पट्टीत बोलले.

सुकेशनी केनवडची. बाप बाजारात पोती वाहतो, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जाते. वाशीमच्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात ती तिसऱ्या वर्षाला आहे. शिष्यवृत्ती यायची तेव्हा येते. खोली, डबा आणि पुस्तकं मात्र दर महिन्याला लागतात, म्हणून काम हवं. आणि काम असं हवं, की एक महिना दुपारी मोकळीक मिळावी आणि पुढचा महिना सकाळी, कारण वॉर्डातली पाळी बदलत राहते.

कापडाच्या दुकानदारानं ‘सोयीनं ये’ म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘दहा ते नऊ जमत नसेल तर आलीस कशाला?’ क्लासवाल्यानं फोन घ्यायला ठेवलं आणि वॉर्डातली पाळी बदलली त्याच दिवशी काढलं. एका छोट्या दवाखान्याच्या मालकानं तर कमाल केली.

“तुले सुई लावता येते ना? मंग सिस्टरचा ॲप्रन घाल आन् उभी राह्य.”

“माही नोंदणी नाई झाली, सर. मी शिकून राह्यली अजून.”

“पेशंटले कोठी माहीत हाये?”

तिनं ॲप्रनची घडी केली, टेबलावर ठेवली आणि बाहेर पडली. हे ऐकून मी इतका ओरडलो की शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. ती खाली मान घालून माझ्या पायाची पट्टी सोडत होती. म्हणाली, “आबाजी, पाय हालवू नोका. आन् बीपीबी वाढवू नोका, ते पाहाले दुसरी नर्स लागन.”

माझ्या पायाची जखम साखरेची. सरकारी दवाखान्यात सिस्टर ड्रेसिंग करायची तेव्हा ट्रे धरून उभी राहणारी ही मुलगी. जखमेकडे पाहताना मी माझ्या पोरांचेही चेहरे वाकडे झालेले पाहिलेत. हिचा झाला नाही. रोज घरी येऊन पट्टी करशील का, असं मी विचारलं आणि ती येऊ लागली. पण एका म्हाताऱ्याच्या पायावर मुलीचा महिना निघत नाही. म्हणून मी तिला समोरच्या घरी नेलं, कंचनबाईंकडे. त्याचं पाप माझ्या माथी.

कंचनबाई म्हणजे कै. दुलीचंदजींच्या पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या कंपनीचा तंबू गावात पडला की सतरंज्या दुलीचंदजींच्या दुकानातून यायच्या आणि कंचनबाई पहिल्या रांगेत बसायच्या. माझ्यावर तंबूभर शिव्यांचा पाऊस पडत असताना त्या नवऱ्याला म्हणायच्या, “त्याले उद्या सकाळी जेवाले बोलवा. बिचारा किती शिव्या खाते!” अशी ही बाई. तिला मी शब्दाला जागणारी मुलगी दिली, असंच मला वाटलं होतं.

कंचनबाईंना सकाळी इन्शुलिनचं इंजेक्शन लागतं आणि त्यानंतर अर्ध्या तासात पोटात काही जावं लागतं. घरात मुलगा श्रेयांस आणि सून जिनल. श्रेयांसला सकाळी व्यायाम असतो, मग दुकान. जिनलला सुई पाहिली की चक्कर येते. शिवाय एक गोष्ट. कंचनबाईंची नवकारशी. सूर्य उगवल्यापासून अठ्ठेचाळीस मिनिटं होईपर्यंत त्या तोंडात पाण्याचा थेंब घेत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून नियम मोडलेला नाही.

सुकेशनीनं ते समजून घेतलं आणि म्हणाली, “माजींचं व्रत माजींचं. औषध व्रताच्या मागं मागं चालन.”

मे महिन्यात सगळं सुरेख जमलं. सूर्य पावणेसहाला उगवायचा, नवकारशी साडेसहाच्या सुमारास. सुकेशनी सहाला यायची, बोटाला टोचून साखर पाहायची, मग सुई, मग घड्याळ पाहत तिथंच बसायची. त्या अर्ध्या तासात कंचनबाई तिचा अभ्यास घ्यायच्या. पुस्तक मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“बोल वं, हृदयाले कप्पे किती?”

“चार, माजी.”

“आमच्या घरात माणसं तीन. तरी कोनाले जागा पुरत नाई.”

मी चहाला तिथंच असायचो. जिनल स्वयंपाकघरातून हसायची. घासभर खाकरा आणि कोमट दूध कंचनबाईंच्या पोटात गेलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुकेशनी उठत नसे. मग सायकल, आणि पावणेआठला वॉर्डात हजेरी. दुपारपाळीचा महिना असला तर घाईच नसायची. रात्रपाळ्या तिनं मैत्रिणींशी बदलून घेतल्या होत्या. त्या बदल्यात त्यांच्या वह्यांतले तक्ते ती काढून द्यायची. अशी जुळवाजुळव करत ती मुलगी सहा महिने जगली. याला लोक ‘सोयीचं काम’ म्हणतात. सोय कोणाची होती ते पाहा: श्रेयांसचा व्यायाम, जिनलची चक्कर, मैत्रिणींचे तक्ते.

पण सूर्य कोणाशी पाळी बदलून घेत नाही. तो उशिरा उगवू लागला. ऑक्टोबरात नवकारशी सातच्या पुढे गेली, नोव्हेंबरात सव्वासातच्या पुढे. डिसेंबरात सकाळपाळी लागली तेव्हा ती साडेसातच्याही पलीकडे गेली होती. कंचनबाई खाईपर्यंत थांबलं तर हजेरी चुकते. हजेरी गाठायची तर त्यांना सुई टोचून उपाशी सोडावं लागतं.

ती आधी कॉलेजात गेली. प्राचार्य मॅडमना म्हणाली, “वीस मिनिटं उशिरा येऊ द्या. मी दुपारी तासभर जास्त थांबतो.”

मॅडम म्हणाल्या, “तुझ्यासाठी वॉर्ड थांबतो का? तीन वेळा उशीर झाला की एक गैरहजेरी. गैरहजेऱ्या वाढल्या की परीक्षेचा अर्ज मी पुढं पाठवत नाही. काम करायचं होतं तर शिकायला का आलीस?”

हे वाक्य मला त्या मुलीनं जसंच्या तसं सांगितलं, कसलाही सूर न लावता. मी त्या रात्री जेवलो नाही. काम करायचं होतं तर शिकायला का आलीस! अहो, काम केल्याशिवाय शिकता येत नाही म्हणून.

मग तिनं श्रेयांसला सांगितलं. मी समोर बसलो होतो.

“भैया, हिवाळाभर तुमी टोचाल का? दोन मिनिटांचं काम हाये. मी शिकवतो. उन्हाळ्यात पुन्हा मी येतो.”

श्रेयांस मनानं वाईट नाही. हसतमुख माणूस, दुकानात गिऱ्हाइकाला आधी पाणी देतो. मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाला, “त्यात काय एवढं? तू सव्वासहाला टोचून जा. आई नंतर खाईल.”

“सव्वासहा ते सातपस्तीस. सव्वा तासाच्या वर होते, भैया. साखर खाली जाईन.”

“घरातच आहे ना ती? शेतात थोडीच चाललीये?”

“घरातबी जाते साखर खाली.”

“डॉक्टर झालीस का तू?”

“नाई झाली. म्हणून डॉक्टरनं सांगितलं तेच करतो.”

त्यानं आता नजर उचलली. आवाज चढवला नाही. “हे बघ, सुकेशनी, जमत नसेल तर राहू दे. आम्ही दुसरी सोय करू.”

रंगमंचावर मी किती गडगडाट केले! पडदे हलवले, मिशा ओढल्या. खरा घात असा होतो, हे मला कोणी तेव्हा सांगितलं असतं तर मी सगळी कामं वेगळी केली असती. एक माणूस सोफ्यावर बसून ‘राहू दे’ म्हणतो आणि एका मुलीच्या खोलीचं भाडं जातं. आणि मी? मी तिथं चहाचा कप हातात धरून बसलो होतो. चाळीस वर्षं दुसऱ्यानं लिहिलेलं बोललो, स्वतःचं बोलायची वेळ आली तेव्हा चहा संपवून कप बशीत ठेवला.

कंचनबाई त्या वेळी आत माळ जपत होत्या. त्यांना एवढंच सांगितलं गेलं, की मुलीचा अभ्यास वाढलाय.

दुसरी सोय म्हणजे प्रेमसिंग, एका दवाखान्यातला कंपाउंडर. तो सव्वासहाला मोटारसायकलवर यायचा, टोचायचा आणि जायचा. त्याला कोणी नवकारशीचं सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. पहिल्या दिवशी कंचनबाईंना घाम आला. दुसऱ्या दिवशी हात कापले. त्या बोलल्या नाहीत, सकाळी सकाळी घराला त्रास कशाला म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुकेशनी माझ्याकडे पट्टीला आली होती. सातपंचवीस झाले असतील. समोरून जिनलची हाक आली. अर्धी हाक, अर्धं रडणं. सुकेशनी हातमोज्यांसकट धावली. मी एका पायावर मागे.

कंचनबाई जपाच्या आसनावर तिरप्या पडलेल्या. साडी घामानं भिजलेली, ओठ थरथरताहेत, डोळे उघडे आणि नजर कुठेच नाही. आणि जिनल समोर उभी, हातात साखरेच्या पाण्याचा ग्लास, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर.

“भाभी, देलं का काही?”

“अकरा मिनिटं बाकी आहेत अजून,” जिनल रडत म्हणाली. “मी जवळ नेलं तर दात घट्ट मिटले त्यांनी. नियम मोडला तर उठल्यावर मला आयुष्यभर माफ करणार नाहीत.”

“उठल्या पाह्यजे ना आधी! पाणी नोका पाजू, ठसका लागन. साखरेचा डबा आना. पळा!”

तिनं कंचनबाईंना कुशीवर घेतलं, ओल्या बोटाला साखर लावून गालाच्या आतून, हिरड्यांवरून फिरवली. पुन्हा. पुन्हा. तोंडानं सारखं बोलत होती, “माजी, मी हाव. सुकेशनी. हृदयाले कप्पे किती? सांगा बरं. किती?” यंत्रावर साखर बेचाळीस दिसली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. जिनलनं पाहणं सोडलं नव्हतं. मला त्या क्षणी तिचा राग आला, नंतर कीव आली, आणि आज पुन्हा राग आहे. घरात धर्म पाळायला एक म्हातारी होती आणि धर्म समजायला कोणी नव्हतं. कंचनबाई शुद्धीवर आल्यावर दवाखान्यात पहिलं काय म्हणाल्या असतील? “अगं वेडे, व्रताचं पच्चक्खाण घेतानाच दुखण्याची सूट ठेवलेली असते. कोणी इचारलंच नाई मले.”

पण ते नंतर. त्या सकाळी गाडी आली, कंचनबाईंना नेलं, आणि सुकेशनी वॉर्डात आठ वाजून दहा मिनिटांनी पोचली. सकाळपाळीतले आधीचे दोन उशीर कंचनबाई खाईपर्यंत थांबल्यामुळे झाले होते. हा तिसरा.

त्याच दुपारी दवाखान्यात नातेवाईक जमले. कसं झालं, कोणी टोचलं, किती वाजता, असे प्रश्न. श्रेयांस म्हणाला, “एक नर्सिंगची मुलगी येते घरी टोचायला.” येते! त्यानं यायची म्हटलं असतं तर अर्धं तरी खरं झालं असतं. जालन्याहून आलेल्या त्याच्या मामांनी आणखी जोर केला, तेव्हा त्यानं कॉलेजला फोन करून तेच सांगितलं. प्रेमसिंगचं नाव घेतलं असतं तर सव्वासहाची वेळ कोणी ठरवली हा प्रश्न निघाला असता.

कॉलेजात सुकेशनीला बोलावलं. नोंदणी नसताना घरोघरी इंजेक्शनं देतेस, तुझ्यामुळे पेशंट दगावला असता. कबुली आणि माफी लिहून दे, नाहीतर अर्ज अडकला. शेवटची तारीख चार दिवसांवर. त्या कागदावर सही केली तर तो डाग नोकरीपर्यंत सोबत जाणार. नाही केली तर वर्ष जाणार. आणि खोलीचं भाडं थकलेलं असताना पुढचं वर्ष म्हणजे केनवडला परत, आईच्या शेजारी निंदणाच्या ओळीत.

“सही नाई करत मी,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी टोचलंच नाई.”

तिसऱ्या दिवशी कंचनबाई घरी आल्या. मी भेटायला गेलो.

“माही पोट्टी कोठी हाये? अभ्यास संपला नाई का तिचा?”

मी सगळं सांगितलं. आवाज चढला, हात उडाले, जुनी सवय. कंचनबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि थंडपणे विचारलं, “हे एवढं जोरात तुमी त्या कॉलेजात जाऊन बोलले का?”

मी काठीची मूठ न्याहाळू लागलो.

“नाई ना? तुमी नाटकवाले. प्रेक्षक वळखीचे असले की मंग ओरडता.” त्या उठल्या. श्रेयांस पुढे आला, “आई, तब्येत बघ, गाडी काढतो...”

“गाडी नोको. ऑटो सांग. तू दुकानात जा.”

त्यानं ऑटो आणली. आईच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

प्राचार्य मॅडमच्या खोलीत आम्ही तिघं: कंचनबाई खुर्चीत, मी काठी टेकून, सुकेशनी हात मागे बांधून दाराशी. मॅडम अदबीनं म्हणाल्या, “माजी, तक्रार तुमच्या मुलाचीच आहे.”

“मुलगा माहा हाये. दंडबी माहाच हाये. सुई कोनं टोचली ते मले इचारा. प्रेमसिंग कंपाउंडरनं टोचली, सव्वासहाले. या पोरीनं साखर लावली म्हणून मी तुमच्यापुढं बसून राह्यली.”

“बरं. पण बाहेर काम करायचं नाही असा आमचा नियम आहे. माफी नको, तेवढं तरी तिनं लिहून द्यावं.”

सुकेशनी पहिल्यांदा बोलली. “देतो लिहून. पन मॅडम, खोलीवाला भाडं मागन तवा त्याले काय सांगू, ते खाली तुमी लिहून द्या.”

“उर्मटपणा बंद कर.”

“उर्मट कायची?” कंचनबाई म्हणाल्या. “इचारून राह्यली ते. सांगा ना. मलेबी आयकाचं हाये. मी बसली हाव. मले आज काही काम नाई.”

आणि त्या खरोखर बसल्या. पदर सावरला, डोळे मिटले, माळ काढली. मॅडमनी फायली उघडल्या, मिटल्या. शिपाई दोनदा डोकावून गेला. अर्ध्या तासानं मॅडमनी अर्ज ओढला, सही केली, शिक्का मारला. कागद लिहून घेतला नाही. पण फाइलवर तांबड्या शाईत शेरा मारलाच: वारंवार उशीर, समज दिली. एक माणूस वाचवला त्या दिवशीचा उशीरही त्यात धरला आहे. अजून आहे तो शेरा. पुसणार कोण?

रविवारी जिनलनं सुकेशनीला बोलावून घेतलं. श्रेयांस दारात उभा होता, काहीतरी पुटपुटला आणि बाजूला झाला. पुन्हा कामावर ये, असं कंचनबाईच म्हणाल्या. सुकेशनीनं पिशवीतून एक संत्रं काढलं.

“माजी, धरा सुई. आधी याले टोचा.”

“मी? या वयात?”

“संत्र्याले वय माहीत नसते.”

कंचनबाईंनी संत्र्याला वीस वेळा टोचलं. मग रस गळायला लागला म्हणून संत्र्याची माफी मागितली. मग स्वतःच्या पोटाला चिमटीत धरून, दात आवळून, टोचलं. जिनल पडद्याआडून पाहत होती. या वेळी तिला चक्कर आली नाही.

मी बाहेर येऊन सुकेशनीला धरलं. “हे काय केलं तुनं? त्या सोताच टोचाले लागल्या तर तुले कायले बोलावतीन? सोताच्या पोटावर पाय देऊन राह्यली तू!”

“मंग काय करू, आबाजी? परीक्षा लागली की सकाळी कोन येईन टोचाले? पुन्हा तो सव्वासहावाला?”

कंचनबाईंनी पगार चालू ठेवते म्हटलं. काम न करता कसा घेऊ, म्हणून तिनं तोही नाकारला, आणि मी तिच्यावरही चिडलो. माझ्या माळ्यावरची खोली मात्र मी तिला घ्यायला लावली. तिथं ती राहते, तक्ते काढते आणि पेपरातल्या जाहिरातींवर पेन्सिलीनं खुणा करते.

सोमवारी सकाळी मी समोर गेलो. कंचनबाईंनी घड्याळ पाहून सात वाजून बारा मिनिटांनी एकट्यानं सुई घेतली. सुकेशनी दाराबाहेर सायकल धरून उभी होती, आत आली नाही, नुसती पाहत होती.

“बरोबर हाये का वं?” आतून हाक आली.

“बरोबर, माजी. सातचाळीसले खाऊन घेजा. भाभी, तुमी पाहा.”

आणि ती सायकलवर बसली. पावणेआठच्या हजेरीला त्या दिवशी ती दहा मिनिटं आधी पोचली. हातात काम नव्हतं, म्हणून पोचली.